सावंतवाडीचा आठवडा बाजार, चितारआळी आणि गंजिफा : कधी जावे, काय पाहावे, काय घ्यावे?

वाटसरू_पुणे यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या काही महिन्यांत आई आणि मुलीसह सावंतवाडीला जाण्याचे ठरवत आहोत. गोव्याला जाताना वाटेत तासभर थांबून मोती तलाव पाहायचा आणि पुढे निघायचे, अशी ही भेट असू नये, हा मुख्य हेतू आहे. गावचा आठवडा बाजार, चितारआळीत, म्हणजे कारागिरांच्या आळीत, लाकडी खेळणी घडवणारे कारागीर आणि गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवण्याचे काम हे सारे निवांतपणे पाहायचे आहे. आई सत्तरीच्या पुढची आहे आणि पूर्ण शाकाहारी आहे. मालवणी जेवण म्हटले की सर्वजण मासे आणि कोंबडी-वडे यांचीच नावे सांगतात, त्यामुळे तिच्यासाठी तिथे खास असे काय मिळेल, हा प्रश्न पडला आहे. दुसरे असे की, पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत ‘सावंतवाडीची खेळणी’ म्हणून जे विकले जाते, त्यातले खरोखर तिथे घडलेले कोणते, हे आम्हाला ओळखता येत नाही. जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

---

तळ्याकाठचा यांचे उत्तर

मी इथलाच रहिवासी आहे, म्हणून बाजारापासूनच सुरुवात करतो. सावंतवाडीचा आठवडा बाजार मंगळवारी भरतो, तेव्हा आदल्या दिवशी संध्याकाळीच मुक्कामाला यावे आणि सकाळी ऊन चढण्याआधी बाजारात शिरावे. आसपासच्या गावांतून पहिल्या एसटीने येणाऱ्या बायका घरच्या परसातले जे काही असेल ते टोपलीत घालून आणतात. ज्यांचा माल थोडा आणि खरोखर घरचा असतो, त्यांच्या टोपल्या लवकर रिकाम्या होतात. दुपारपर्यंत उरतो तो बहुतेक घाटावरून आलेला कांदा-बटाटा, आणि तो तर आपल्याला पुण्यातही मिळतो.

बाजारात काय दिसेल हे ऋतूवर अवलंबून आहे. हिवाळ्यात कणगी, करांदे अशी कंदमुळे, वालीच्या शेंगा, लाल भाजी आणि नवे उकडे तांदूळ येतात. फेब्रुवारीनंतर ओले काजूगर दिसू लागतात, आणि त्याच सुमारास सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे) घेऊन बायका बसलेल्या असतात. सुरंगीचा हंगाम थोडा असतो, म्हणून या दिवसांत आलात तर आईंसाठी एक वळेसर अवश्य घ्या. एप्रिल-मे महिन्यांत आंबे, फणस, रतांबे आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठी सुकी मासळी यांनी बाजार भरून जातो. मात्र माझ्या मते सर्वांत पाहण्यासारखा बाजार गणेशचतुर्थीच्या आधीचा असतो. गणपतीवर बांधायच्या माटवीसाठी रानातून आणलेली हरणे, कांगणे, कवंडळे, आयने आणि तेरडा यांचे ढीग त्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही कडांना लागतात. यातल्या कित्येक वनस्पती एरवी कोणी विकत नाही आणि कोणी घेतही नाही.

वर्षभर मिळणाऱ्या वस्तूंपैकी कुळथाचे पीठ, तिरफळे, आमसुले आणि सालासकट भाजलेले काजू घ्यावेत. आमसुले घेताना ती हाताला किंचित चिकट व ओलसर लागतात का ते पाहावे आणि त्यांवर मिठाचा पांढरा थर फार नसावा. खाजे घ्यायचे असेल तर आल्याचा वास नीट येतो का, हे आधी तपासावे.

शाकाहारी जेवणाची काळजी करू नये. कोंबडीबरोबर जे वडे खाल्ले जातात तेच वडे काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर खाणे ही इथल्या घरांतली नेहमीची पद्धत आहे, आणि भाजलेल्या ओल्या खोबऱ्याचे वाटण लावलेले ते सांबारे कोणत्याही रश्श्यापेक्षा कमी नसते. त्याखेरीज घावणे, आंबोळ्या, हंगामात ओल्या काजूंची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी, तिरफळ घातलेले खतखते आणि सोलकढी आहेच. रस-शिरवाळे मात्र सर्वत्र तयार मिळत नाहीत. तांदळाच्या उकडीच्या गरम मुटक्यांपासून साच्यातून शेवया पाडायच्या आणि गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात त्या खायच्या, हे दोन माणसांचे काम आहे. म्हणून एखाद्या घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवावे. मासे शिजवलेल्या भांड्यांबद्दल आईंना काही अडचण असेल, तर तेही आधीच विचारावे. त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही.

---

रंगकाम यांचे उत्तर

लाकडी वस्तूंबद्दल मी लिहितो, कारण चितारआळीतल्या कारागिरांशी माझा कामानिमित्त दीर्घकाळ संबंध आहे.

इथल्या कामाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले की निम्मे काम झाले. पहिला प्रकार लेथवर कातलेल्या वस्तूंचा : भातुकली, भोवरे, पाळण्याचे खुळखुळे, पोळपाट-लाटणी, डबे. जुन्या पद्धतीत फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते, मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. हा रंग लाकडात मुरल्यासारखा दिसतो आणि नखाने खरवडला तर सहजासहजी त्याचे पापुद्रे निघत नाहीत. आज पुष्कळ माल तैलरंगाने किंवा फवाऱ्याने रंगवलेला असतो. तो टाकाऊ असतो असे मुळीच नाही, पण किंमत लाखकामाची आणि काम तैलरंगाचे, असे होऊ नये. लहान मूल तोंडात घालील अशी वस्तू घेताना तर रंग कोणता आहे, हे स्पष्टपणे विचारलेच पाहिजे.

दुसरा प्रकार म्हणजे सावंतवाडीची खरी ओळख, हाताने घडवलेली फळे आणि भाज्या. त्यांसाठी पांगाऱ्याचे लाकूड पूर्वापार वापरले जाते, कारण ते मऊ आणि अतिशय हलके असते. हे लाकूड आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही आणि कारागिरांची आजची सर्वांत मोठी अडचण तीच आहे. फळाला आकार देऊन झाला की ते घासून गुळगुळीत करतात, बारीक भेगा बुजवतात आणि त्यानंतर रंगाचे हात चढवतात. हे काम पाहायला मिळाले तर आंब्याच्या रंगाकडे लक्ष द्यावे. देठाजवळचा हिरवा, त्याखालचा पिवळा आणि उन्हाच्या बाजूची लाली यांच्या सीमा कुठेही रेघेने तुटत नाहीत, कारण आधीचा रंग ओला असतानाच पुढचा रंग त्यात ओढलेला असतो. केळ्यावर पिकल्याचे काळे ठिपके देताना कारागीर प्रत्येक केळ्याला ते निराळे देतो. एकाच परडीतली दोन सीताफळे अगदी एकसारखी दिसली, तर मला शंका येते.

आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, फळ उचलून पाहावे. पांगाऱ्याचे फळ आकाराच्या मानाने आश्चर्य वाटेल इतके हलके लागते. देठ कसा बसवला आहे आणि बुडाशी रंग किती काळजीने दिला आहे हे पाहावे, कारण घाईचे काम नेहमी बुडाशी उघडे पडते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे जिथे मागच्या खोलीत काम चालू आहे अशाच दुकानातून खरेदी करणे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणीही या बाजारात विक्रीला असतात आणि ती उत्तम असतात, पण ती सावंतवाडीची नव्हेत, आणि प्रामाणिक दुकानदार विचारल्यावर तसे सांगतो. २०२४ मध्ये सावंतवाडीची लाकडी कला आणि गंजिफा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले हे खरेच, परंतु आळीत बसून काम करणारी घरे कमी होत चालली आहेत आणि मानांकनाच्या कागदाने नवी मुले आपोआप या कामाकडे वळत नाहीत. त्यासाठी हातांना वर्षभर काम मिळाले पाहिजे. म्हणून कृपा करून मोठी शोभेची वस्तू एकदाच घेऊन थांबू नका. घरातल्या लहान मुलांच्या वाढदिवसांना, रुखवताला, गौरी-गणपतीच्या आराशीला या वस्तू मागवत राहा.

---

दशावतारी यांचे उत्तर

गंजिफाविषयी वर कोणी लिहिले नाही, म्हणून थोडी भर घालतो.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग (म्हणजे पत्त्यांचे गट) असतात आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा असे १२, म्हणजे एकूण १२० पत्ते असतात. मुघल संच ८ रंगांचा आणि ९६ पत्त्यांचा असतो. मत्स्याच्या पानांवर मासे, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू, अशी चिन्हे मोजून पान ओळखायचे. डाव साधारणतः तिघांचा असतो. दिवसा खेळताना राम ज्याच्या हाती असेल त्याने डाव सुरू करायचा आणि रात्री कृष्ण ज्याच्या हाती असेल त्याने, हा नियम मुलीला सांगून ठेवा, म्हणजे पत्ते पाहताना तिला ती चित्रे न वाटता खेळ वाटेल.

एकेकाळी हे काम जाणणारे हात जवळजवळ उरलेच नव्हते. संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी जुन्या चितारी कारागिराकडून ही विद्या समजून घेतली, राजवाड्यात नव्या मुलांना शिकवण्याची सोय केली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी लाखकाम व गंजिफा यांसाठी तिथेच कार्यशाळा उभी केली. राणीसाहेब स्वतः रंगवत असत. राजवाड्यात आजही कारागीर बैठ्या मेजाशी बसून काम करताना दिसतात. एका पूर्ण संचाला फार दिवस लागतात आणि किंमतही त्याच प्रमाणात असते, पण सुटी पाने आणि छोट्या भेटवस्तूही मिळतात. वाड्याच्या वेळा बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. काम चालू असताना छायाचित्र काढण्याआधी परवानगी घ्यावी आणि कॅमेऱ्याचा चकाकणारा झोत (फ्लॅश) वापरू नये, कारण केसासारख्या बारीक कुंचल्याने रेघ ओढणाऱ्याचे डोळे त्याने दिपतात.

---

वाटसरू_पुणे यांची पुरवणी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आणखी दोन शंका आहेत. चितारआळीत घासाघीस करणे योग्य दिसते का? आणि मुक्काम दोन रात्रींचा केला, तर जवळपास याच धर्तीचे आणखी काय पाहता येईल?

---

तळ्याकाठचा यांचे उत्तर

भाजीच्या टोपलीवर किंवा हाताने रंगवलेल्या वस्तूवर घासाघीस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाटा घेऊन बसलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी वाद घालण्यापेक्षा सगळा वाटाच उचलावा. ती बहुधा आपणहून मूठभर जास्त घालते.

---

रंगकाम यांचे उत्तर

मी किंचित वेगळे सांगेन. एकाच कारागिराकडून बऱ्याच वस्तू घेत असाल, तर एकूण किमतीत काही कमी होईल का असे विचारण्यात गैर नाही, तो व्यवहाराचा भाग आहे. मात्र ‘बाहेर हे स्वस्तात मिळते’ असे म्हणू नये, कारण बाहेर मिळते ती वस्तू बहुधा दुसरीच असते.

दुसऱ्या दिवसासाठी कुडाळजवळचे पिंगुळी सुचवतो. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रे दाखवत कथा गाणे) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे. परशुराम गंगावणे यांना या कार्यासाठी २०२१ चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. त्यांच्या कुटुंबाने गुरांच्या गोठ्यात उभारलेले संग्रहालय पाहण्यासारखे आहे, आणि आधी कळवल्यास बाहुल्यांचा छोटा खेळही पाहायला मिळू शकतो. ज्या लोकांना कोकणातल्या चित्रकलेत रस आहे, त्यांनी चितारआळी आणि पिंगुळी ही दोन्ही ठिकाणे एकाच प्रवासात पाहावीत असे मला मनापासून वाटते. एकीकडे रंग लाकडावर चढतो, दुसरीकडे कागदावरच्या चित्रामागून कथा गायली जाते.

---

आजरा_वाट यांचे उत्तर

फक्त प्रवासापुरते लिहितो. पुण्याहून गाडीने येत असाल तर आजऱ्याहून आंबोली घाट उतरून यावे. घाट दिवसाउजेडी उतरावा, पावसाळ्यात आणि धुक्यात तर नक्कीच. आईंना वळणांचा त्रास होत असेल तर कोकण रेल्वे सोयीची आहे, परंतु सावंतवाडी रोड स्थानक शहरात नसून मळगावला आहे आणि रात्रीच्या गाडीने उतरल्यास रिक्षा सहज मिळेलच असे नाही, त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणी आधीच सांगून वाहन बोलावून ठेवावे. परतीच्या सामानात लाकडी फळे कपड्यांत गुंडाळून मधोमध ठेवावीत आणि आमसुलांची पिशवी वेगळ्या डब्यात घालावी, कारण त्यांचा रस कपड्यांना लागला तर डाग निघत नाही.