मुंबई-टोकियो: जाताना साडेअकरा तास, येताना साडेसहा?

निवृत्त वाहक, सांगली
नमस्कार. एसटीत ३१ वर्षं तिकिटं फाडली, वेळापत्रक वाचता येतं मला. पण लेकीनं जानेवारीची विमानाची तिकिटं पाठवली आणि डोकं चक्रावलं. मुंबईहून रात्री ८ ला सुटून टोकियोच्या नारिता विमानतळावर सकाळी ७.३० ला. परतताना तिथून सकाळी ११ ला निघून मुंबईत संध्याकाळी ५.३० ला. तिकीटवाला म्हणतो, "काका, येताना विमान पळतंय." आमची सांगली-स्वारगेट गाडी कधी अशी पळाली नाही. सौ.चे गुडघे धरतात, म्हणून खरं काय ते सांगा.

विश्रामबागकर
काका, इथं घड्याळं दोन आहेत. जपान आपल्या साडेतीन तास पुढं. जाताना साडेअकरातून साडेतीन वजा करा, ८ तास. येताना साडेसहात साडेतीन मिळवा, १० तास. तिकीटवाल्यानं उलटंच सांगितलं तुम्हाला!

निवृत्त वाहक, सांगली
गणित पटलं. पण अंतर तर तेच ना? मग दोन तास सांडले कुठं? आकाशात घाट आहे का?

मिरज जंक्शन
घाट नाही, वारा आहे. अंतर साधारण ६७५० किमी. ८ नं भागलं तर ताशी ८४० च्या आसपास, १० नं भागलं तर ६७५. (धावपट्टीवर रेंगाळण्याचा वेळही यातच आला.) साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो हिमालयाच्या दक्षिणेला सरकतो, आणि जपानवर त्याचा जोर जगात सगळ्यांत जास्त असतो. कधीकधी ताशी ३०० किमीच्या वर. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती बघितल्यात ना? धारेबरोबर वल्हवणं वेगळं आणि धारेविरुद्ध वेगळं. विमानाचं इंजिन दोन्ही वेळा तेवढंच राबतं. उन्हाळ्यात पट्टा उत्तरेला जातो, मंदावतो, तेव्हा हा फरकही घटतो.

गंमत म्हणजे हा वारा आधी जपान्यांनीच मोजला. तातेनो वेधशाळेतल्या वासाबुरो ओइशींनी १९२० च्या दशकात फुगे सोडून सोडून. पण १९२६ चा अहवाल छापला एस्परांतो या मुद्दाम तयार केलेल्या, थोड्यांनाच येणाऱ्या भाषेत! बाहेर कोण वाचणार तो?

विश्रामबागकर
म्हणजे काका, परतीला मधल्या वाटेच्या कडेची सीट घ्या. मावशींना तासातासानं उठून फिरता येईल. जाताना रात्रच आहे, खिडकीतून काय दिसणार आहे!

निवृत्त वाहक, सांगली
लेकीला फोन झाला, दोन्हीकडं कडेच्याच सीट सांगितल्या. सौ. म्हणते, आठ तास काय, तेवढ्यात तर आपली गाडी सांगलीहून मुंबईला पोचते, ती पण रस्ता मोकळा असला तर. तिकीटवाल्याकडं उद्या जातो. त्याला वारा समजावून सांगायचाय.