मदत हवी आहे : बैल उधळला, पण मालकाचं काय झालं?

मंडळी, एक कथा लिहितोय. सोलापुरात गड्ड्याची जत्रा, जनावरांचा बाजार. खिलार बैल दावं तोडून सुटतो आणि पाठोपाठ मालकाचंही भान सुटतं. बैलाचं सोपं आहे : आधी बुजला, मग बिथरला, मग उधळला. अडलंय मालकापाशी. ‘पिसाळला’ म्हटलं की कुत्रं डोळ्यांपुढे येतं. ‘चवताळला’ म्हणायला आधी कुणीतरी डिवचावं लागतं. ‘माजला’मध्ये राग कमी, मस्ती जास्त. बेभान तर लेझीम खेळणाराही होतो. धुडगूस पोरांचा. थैमान साथीच्या रोगानं किंवा वादळानं घालावं. एकट्या माणसानं घातलेलं पेपरात वाचलं तरी मला खटकतं.

माझा माणूस प्यायलेला नाही, कुणी डिवचलेलाही नाही, तरी समोर दिसेल त्याला काठी हाणत सुटलाय. ‘अंगात आलं’ नको, ते देवाचं खातं.

बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडच्यांनो, तुमच्या घरची म्हातारी माणसं अशाला काय म्हणतात? कानडी वळणाचा शब्द असला तरी चालेल, आपल्याकडे कुणाला परका वाटणार नाही. फक्त नुसता शब्द नको, बोलतात तसं अख्खं वाक्य द्या. शिवी असली तरी द्या, गाळायचं माझं मी बघतो.