ट्वीन दुप्पट केलं, तरी थेंब मोठे का होतात?

सदाशिवपेठी: प्रोजेक्टसाठी संत्र्याच्या सालीचं तेल पाण्यात घोटतोय. ट्वीन-८० (तेल-पाणी एकत्र धरणारं, साबणासारखं रसायन) दुप्पट केलं, तर आठवड्यात थेंब वाढून वर सायीसारखा थर! सर म्हणतात, अजून ढवळ. खांदा गेला माझा. थेंब एकमेकांत मिसळतायत का?

कोथरूडची काकू: मिसळायची गरजच नाही रे. लहान थेंबात दाब जास्त, म्हणून त्यातलं तेल पाण्यात जरा जास्त विरघळतं आणि मोठ्या थेंबात जाऊन बसतं. हे ऑस्टवाल्ड रायपनिंग. संत्र्याच्या तेलातला मुख्य घटक लिमोनीन पाण्यात किंचित विरघळतो, तिथेच गोम आहे. शिवाय जास्तीच्या ट्वीनचे मायसेल, म्हणजे त्याच्या रेणूंचे बारीक पुंजके, होतात. ते सिक्स सीटरसारखे तेलाचे रेणू कोंबून इकडून तिकडे नेतात. थोडं सूर्यफुलाचं तेल आधीच संत्र्याच्या तेलात मिसळ. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मागेच राहतं, आणि लहान थेंब आटायचा थांबतो.

औंधकर: ट्वीनऐवजी एसडीएस (ऋणभारित साबणी रसायन) वापरलं तर ही वाहतूक बरीच कमी, थेंब आणि मायसेल दोघेही ऋणभारित, एकमेकांना ढकलतात. थेंबांच्या सरासरी त्रिज्येचा घन वेळेसमोर आलेखावर मांडून बघ. सरळ रेष आली तर काकूंचा संशय बळावतो.

सदाशिवपेठी: घरचं शेंगदाणा तेल चालेल?

कोथरूडची काकू: रिफाइंड असेल तर. तळणीतलं उरलेलं नको!