अनुभव धागा : संहितेशिवाय विनोद, घरात आणि तालमीत

धागाकर्ता, सांगली
१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा पदं बांधलेली होती आणि ती सूत्रधार म्हणायचा. पात्रांची भाषणं मात्र बरीचशी तिथल्या तिथे व्हायची. तमाशातल्या बतावणीचंही, म्हणजे जोडीच्या विनोदी सवाल-जवाबाचंही, तेच. त्यामुळे शिकागो-कॅलगरीकडचं ‘इम्प्रोव्ह’, म्हणजे संहितेशिवाय तिथल्या तिथे प्रवेश रचणं, आपल्याला अगदीच परकं नाही. सातारा-सांगली भागात शाळेत, मंडळात किंवा घरी असे खेळ घेणाऱ्यांनी इथे लिहावं. ‘आमचा कार्यक्रम कसा गाजला’ हे नको. कृती काय, माणसं किती, कुठे फसतं आणि का, तेवढंच लिहा.

कृष्णाकाठ, वाळवा तालुका
प्रवेश फसतो तो पहिल्या तीन वाक्यांत. नवखा माणूस हमखास प्रश्नाने सुरुवात करतो, ‘तुम्ही कोण?’, ‘इथं काय करताय?’ म्हणजे सगळं ओझं समोरच्यावर. प्रश्न न विचारता माहिती द्या. ‘भावजी, मोटर परत जळली.’ एवढ्यात नातं आलं, रान आलं, अडचण आली, आणि ‘परत’मुळे मागचा इतिहासही आला. समोरच्याने ते मान्य करून एक भर घालायची, यालाच ‘हो, आणि’ म्हणतात : ‘तरी म्हणलं हुतं, त्या वायरमनच्या नादी लागू नगा.’ आता दोघांनी मोटरीवरच राहायचं. चौथ्या वाक्याला साप, चोर किंवा भूत आणणारे फार असतात. गोष्ट पुढे जात नाही असं वाटलं की माणूस घाबरतो आणि नवीन काहीतरी आणतो. खरं तर वायरमनचं अजून काहीच बोलून झालेलं नसतं.

प्रवेश दोन-तीन मिनिटांचा पुरे. मोठा हशा आला की बाहेरच्याने टाळी वाजवून तोडायचा. आतल्यांवर सोडलं तर ते ताणतात.

ढोलकी_थाप, कवलापूर
आमच्याकडे तमाशातल्या काळू-बाळू या जोडीचं नाव निघाल्याशिवाय बतावणीची गोष्ट पुरी होत नाही, म्हणून तेवढंच सांगतो.

जोडीतल्या प्रत्येकाला सोंगाड्या व्हायचं असतं, पण भार असतो तो सरळ बोलणाऱ्यावर. त्याने प्रश्न मनापासून विचारायचा, जणू उत्तराची त्याला खरंच गरज आहे. तो स्वतःच गालात हसला की संपलं. दुसरं, हशाचा शब्द वाक्याच्या शेवटी. ‘चोर सापडला का?’ ‘सापडला की. आत्ता गाडीवरनं सोडून गेला मला, त्योच.’ हेच ‘त्योच मला आत्ता गाडीवरनं सोडून गेला’ असं म्हटलं, तर लोक ‘त्योच’ला अर्धवट हसतात आणि उरलेलं वाक्य हशात बुडतं. क्रियापद शेवटी ठेवायची सवय इथे मोडावी लागते. ढोलकीची थाप शब्द पूर्ण झाल्यावरच. आधी पडली तर शेवटचं अक्षर खाते.

वर्गपाठ, विटा
एकेक शब्दाची गोष्ट : सहा ते आठ मुलं गोलात, प्रत्येकाने एकच शब्द बोलायचा. इंग्रजीत क्रियापद लवकर येतं, त्यामुळे गाडी हलते. मराठीत ‘काल… मोठ्या… काळ्या… जुन्या… पडक्या…’ असं चालूच राहतं, कारण क्रियापद आणायला कोणी तयार नसतं. म्हणून नियम असा, की सहाव्या शब्दापर्यंत वाक्य बंद झालंच पाहिजे. आणि लिंग सांभाळायचं. आधीच्याने ‘मोठी’ म्हटलं असेल तर मनात धरलेला ‘हत्ती’ सोडायचा, ‘म्हैस’ नाहीतर ‘विहीर’ आणायची. इथेच मुलं शिकतात, कारण आधी ठरवून ठेवलेला शब्द चालत नाही. विभक्ती वेगळा शब्द धरायची नाही, ‘विहिरीत’ हा एकच शब्द.

चौथीच्या खालच्या मुलांना शब्दाऐवजी वाक्य द्या. खेळ थांबवून चूक सांगू नका. बाहेरूनच ‘समोर बघ’, ‘वाक्य संपव’ असं दोन शब्दांत बोला. बाहेरून अशी हाक द्यायची पद्धत शिकागोच्या नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांची.

कंदीपेढा, सातारा
घरच्यांसाठी पत्त्यांचा खेळ. पाच-सहा जण, प्रत्येकाच्या कपाळावर एक पत्ता, स्वतःचा बघायचा नाही. प्रत्येकाने दुसऱ्याशी त्याच्या पत्त्याच्या मानाने वागायचं. चार मिनिटांनी आपापल्या अंदाजाने दुर्रीपासून राजापर्यंत ओळीत उभं राहायचं.

फसतं कुठे? दुर्री-तिर्रीशी सगळे भिकाऱ्यासारखे वागतात आणि राजासमोर लोटांगण घालतात. ओळ दहा सेकंदांत लागते, मजा मात्र मधल्या छक्की-सत्तीत असते. दर्जा बारीक गोष्टींतून दाखवा. कॅलगरीत इम्प्रोव्ह शिकवणारे कीथ जॉनस्टन यांनी हे नेमकं पकडलंय : बोलताना डोकं स्थिर ठेवलं की माणूस वरचा वाटतो, हात सारखा तोंडाकडे गेला की खालचा. आपल्याकडे आणखी एक हत्यार आहे, तू आणि तुम्ही. ‘आवं, बसा की’वरून ‘बस’वर आलात की न सांगता पत्ता कळतो.

खेळाची जागा घराबाहेरची घ्या : एसटी डेपो, सोसायटीचं कर्जवाटप, तासगावचा बेदाण्याचा सौदा. ‘सासू-सून’ ठरवून खरी सासू नि सून खेळल्या तर मागचे हिशेब निघतात. मार्क, वजन, रंग यांवर विनोद बंद. कोणीही ‘पडदा’ म्हटलं की खेळ थांबला, कारण विचारायचं नाही. आणि पाहुण्यांसमोर ‘बाळा, करून दाखव’ म्हणू नका. पोरगं पुन्हा खेळायला येत नाही.

अजिंक्य_वाट, सातारा
एक शंका. ‘हो, आणि’ घरात लावलं तर उद्या पोरं मोबाईल मागतील. तेव्हाही ‘हो, आणि’?

कृष्णाकाठ
होकार पात्राचा, पालकाचा नाही. पोरगं खेळात म्हणालं, ‘मी मोबाईल दुकानाचा मालक’, तर तुम्ही गिऱ्हाईक व्हा, बिघडलेला फोन घेऊन भांडायला जा. खेळाबाहेर मागितला तर नाही म्हणजे नाही. दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणून खेळाची जागा ठरवा, एक सतरंजी अंथरली तरी बास.

सेवाव्रत, वाई
विसराळूपणाचा आजार असलेल्या वडीलधाऱ्यांशी बोलायलाही हे ‘हो, आणि’ उपयोगी आहे. आजोबा म्हणाले, ‘आई कुठं गेली?’ तर ‘ती कधीच गेली’ हे सांगू नका. बऱ्याचदा ते ती बातमी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकतात. ‘आईची आठवण आली होय. त्यांच्या हातचं पिठलं म्हणे फार चांगलं व्हायचं,’ असं म्हणून त्यांना पुढे बोलू द्या. ‘आठवतंय का?’ हा प्रश्न टाळा, ती परीक्षा वाटते. औषध, गॅस, बाहेरचं दार यांत मात्र त्यांचं म्हणणं मान्य करून चालत नाही. तिथे वाद न घालता लक्ष दुसरीकडे वळवायचं. बोलताना समोर बसा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि टीव्ही बंद करा. दोन आवाज आले की कुठला धरायचा ते त्यांना कळत नाही.