शब्दचर्चा: 'रिलॅक्स्ड परफॉर्मन्स'ला मराठीत काय म्हणावं?

हडसनपार

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या बातमीपत्रात एक पान लिहायचं काम अंगावर घेतलं आणि तीन दिवस शीर्षकावरच अडकले आहे. विषय न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरचा, म्हणजे तिथल्या नाटक-संगीताच्या मोठ्या संकुलाचा. ऑटिझम असलेली मुलं, अंध आणि कर्णबधिर प्रेक्षक, डिमेन्शिया झालेली माणसं यांचा विचार करून तिथे कार्यक्रम आखतात. २०१८ साली तर ऑटिझम असलेल्या मुलांसाठी त्यांनी 'बिग अम्ब्रेला' नावाचा महिनाभराचा महोत्सव भरवला होता. डिमेन्शिया असलेली व्यक्ती आणि तिची देखभाल करणारं माणूस, अशा जोडीसाठी 'लिंकन सेंटर मोमेंट्स' म्हणून मोफत उपक्रम आहे.

आमचे वाचक म्हणजे सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. नातवंडांना घेऊन जाणारेही तेच. इंग्रजी पत्रक त्यांच्या हातात देऊन उपयोग नाही.

अडलेले शब्द: ॲक्सेसिबल (म्हणजे सगळ्यांना पोचता, अनुभवता येईल असं), रिलॅक्स्ड परफॉर्मन्स, ऑडिओ डिस्क्रिप्शन, कॅप्शन.

रिलॅक्स्ड म्हणजे काय ते सांगून ठेवते. प्रेक्षागृहात पूर्ण काळोख करत नाहीत, दिवे मंद ठेवतात. आवाज कमी करतात, डोळ्यांवर लखलखणारे दिवे काढून टाकतात. मूल मध्येच उठलं, येरझारा घालू लागलं, एकच वाक्य दहादा म्हणालं तरी ते गृहीतच धरलेलं असतं. बाहेर शांत खोली असते, कान झाकायला हेडफोन मिळतात. नाटक मात्र तेच.

(दिव्यांग की अपंग हा वाद इथे नको. त्याचा वेगळा धागा आहे आणि तो अजून विझलेला नाही.)

पेठकर

ॲक्सेसिबलला सुगम्य. २०१५ पासून 'सुगम्य भारत अभियान' चालू आहे. चर्चा संपली.

विंगेतून

पेठकर, चर्चा आत्ता कुठे सुरू झाली. 'सुगम्य' मीही सरकारी फलकावर वाचलाय, कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. य गाळून 'सुगम' करावं तर आकाशवाणीने तो शब्द कधीच संगीताला देऊन टाकलाय. 'सुगम कार्यक्रम' छापलंत तर लोक भावगीतं ऐकायला येतील. 'सुलभ'चं काय झालं ते एसटी स्टँडबाहेरच्या पाटीला विचारा. आणि 'प्रवेशसुलभ' म्हणाल तर नाटकवाल्याच्या लेखी प्रवेश म्हणजे 'अंक पहिला, प्रवेश तिसरा'. तो विचारेल, यातला सोपा प्रवेश कुठला?

मोडीवाचक

पाटी बाजूला ठेवून धातू बघू. सुगम्यमध्ये गम् आहे, म्हणजे जाणं. सुलभमध्ये लभ्, म्हणजे मिळणं. रॅम्पवरून चाकाची खुर्ची आत गेली, की गम् झालं. पण ज्या बाईंना ऐकू येत नाही त्या दुसऱ्या रांगेत बसून दोन तास नटांचे ओठ हलताना बघतात, तेव्हा गमन झालेलं असतं, लाभ काही झालेला नसतो. हडसनपार यांनी जे वर्णन केलंय ते सगळं लभ्-चं काम आहे. पाटीने विटाळला म्हणून अर्थाने बरोबर असलेला शब्द टाकून देऊ नये.

तिकिटाची किंमतही लभ्-मध्येच येते. सुगम्यमध्ये ती बसत नाही.

खडीसाखर

एक विनंती. 'स्वमग्न' लिहू नका, सरळ 'ऑटिझम' लिहा, आता सगळ्यांना कळतं. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. तो स्वतःत मग्न नसतो हो. पंख्याची घरघर, ट्यूबचं गुणगुणणं, मागच्या रांगेतली वेफरची पुडी, सगळं एकदम त्याच्या अंगावर येतं. मग्न व्हायला जरा उसंत मिळाली तर बरंच होईल.

तीन वर्षांपूर्वी त्याला पुण्यात एका बालनाट्याला नेलं होतं. तिसरी घंटा झाली, अंधार झाला आणि हा मोठ्याने म्हणाला, "लाइट गेले." लोक हसले. परत म्हणाला, "लाइट गेले." मग शूऽ शूऽ सुरू झालं. पाचव्यांदा म्हणाला तेव्हा दारावरचे काका टॉर्च घेऊन आले. ओरडले नाहीत, फक्त टॉर्चने दार दाखवलं. आम्ही पार्किंगमध्ये स्कूटरवर येऊन बसलो. आतून गाण्याचा आवाज येत होता आणि हा ते गाणं तिथे बसून म्हणत होता.

शब्द कुठलाही ठेवा. त्याखाली 'कोणालाही बाहेर जायला सांगितलं जाणार नाही' एवढं ठळक छापा.

हडसनपार

छापते. याच ओळीने सुरुवात करते.

ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, हे २०११च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, 'द लायन किंग'च्या एका खास खेळापासून. तेव्हा 'ऑटिझम-फ्रेंडली' म्हणत. 'रिलॅक्स्ड' हा शब्द ब्रिटनमध्ये रुळला. तो मला जास्त आवडतो, कारण त्यात मुलाला नाव ठेवलेलं नाही. सैल झालाय तो प्रयोग.

विंगेतून

सैल! तोच शब्द नको म्हणून लिहायला आलो होतो. 'दुसऱ्या अंकात प्रयोग सैल पडतो' हे वाक्य समीक्षणात वाचलं की दिग्दर्शकाला दोन दिवस जेवण जात नाही. 'मोकळा प्रयोग' म्हटलं तर व्यवस्थापकाच्या छातीत धस्स होतं, त्याला रिकाम्या खुर्च्या दिसतात. 'हलकाफुलका' म्हणजे विनोदी. 'मुक्त' म्हणजे फुकट, किंवा नवकविता. 'निवांत' चालेल, पण त्यात झोप आहे, आणि ही मुलं तर नाचणार आहेत.

सांगलीकर

ऐसपैस.

विंगेतून

अरे!

पेठकर

ऐसपैस सोफा असतो, वाडा असतो. प्रयोग कसा असेल?

सांगलीकर

गप्पा असतात की. आमच्याकडे पाहुणा अवघडून बसला की आजी म्हणायची, "अरे ऐसपैस बस, कोणी हिसकून घेत नाही जागा." दार उघडं, उजेड राहू दिलेला, पाय पसरले तरी चालेल, उठून गेलं तरी चालेल. अजून काय पाहिजे?

मोडीवाचक

यातला पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा. ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसले असं सांगतात, त्या नेवाशाच्या खांबालाही पैसाचा खांबच म्हणतात. डबा ऐसपैस मात्र वेगळं, तो खेळ 'आय स्पाय'वरून आल्याचं सांगतात. पण मुलांच्या कानावर शब्द खेळातूनच गेलेला असणार, हा फायदाच.

पेठकर

आजीच्या दाखल्यापुढे बोलत नाही. फक्त २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम २९ वाचून ठेवा. आख्खं कलम संस्कृती आणि मनोरंजनावर आहे. उद्या कोणी म्हणालं की ही सगळी अमेरिकेची थेरं, तर दाखवायला बरं.

हडसनपार

ऑडिओ डिस्क्रिप्शनला काय? यात अंध प्रेक्षकाच्या कानात छोटं यंत्र असतं. रंगमंचावर जे दिसतं ते एक माणूस दोन संवादांच्या मधल्या फटीत सांगतो. नाटकासाठी ही पद्धत वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजवर १९८१ मध्ये सुरू झाली. काही ठिकाणी खेळाआधी प्रेक्षकांना रंगमंचावर नेऊन सामान, कपडे हाताळायला देतात. त्याला मी 'स्पर्शफेरी' लिहिलंय.

सांगलीकर

स्पर्शफेरी झकास. दुसऱ्याला धावतं समालोचन म्हणा. बाळ ज. पंडितांनी रेडिओवर आख्खी क्रिकेटची मॅच मराठीतून डोळ्यांपुढे उभी केली होती.

पेठकर

त्याच्याही आधी संजयाने केली.

मोडीवाचक

संजय येणार हे ठाऊक होतं. पण या कामाला तो नालायक आहे. वर्णन करता करता शेवटी 'मतिर्मम' म्हणतो, म्हणजे 'माझं मत'. जिथे कृष्ण आणि अर्जुन तिथे विजय, हे त्याने धृतराष्ट्राला परस्पर सांगून टाकलं. समालोचनातही फटका 'सुरेख' असतो, तेही मतच. इथे मताला बंदी आहे ना?

हडसनपार

बंदीच. 'ती रागावली' म्हणायचं नाही. 'तिने ताट सरकवलं, उठली, खुर्ची तशीच ठेवली' एवढंच सांगायचं. राग आला की नाही ते ऐकणारा ठरवेल. कपाळावर आठी आहे हे सांगता येतं, आठीचं कारण नाही.

विंगेतून

मग साधं 'दृश्यवर्णन'. 'निवेदन' अजिबात नको. मराठी कार्यक्रमातला निवेदक एकदा सुरू झाला की फट कसली बघतो!

हडसनपार

दृश्यवर्णन घेतलं. आता कॅप्शन, म्हणजे बोललेलं लिहून दाखवतात ते?

पेठकर

उपशीर्षक.

विंगेतून

त्यात 'उप' आहे आणि 'शीर्षक' आहे, आणि वस्तू दोन्ही नाही. सिनेमात निदान खाली तरी दिसतात. नाटकात पट्टी बाजूला असते, ऑपेरात डोक्यावर. लिंकन सेंटरमधल्या मेट ऑपेराने तर १९९५ पासून समोरच्या खुर्चीच्या पाठीवरच शब्द दाखवायला सुरुवात केली. 'संवादपट्टी' म्हणा.

खडीसाखर

पण कर्णबधिरांसाठी असेल तर त्यात 'दार आपटतं', 'लांबून ढोल' हेही येतं ना? तो काही संवाद नाही.

विंगेतून

हरलो. 'शब्दपट्टी'.

मोडीवाचक

पत्रकात खुणांच्या भाषेचा उल्लेख असेल तर एक सावधगिरी. सरकारी मराठीत 'सांकेतिक भाषा' म्हणतात. मला त्यात गुप्त लिपीचा वास येतो. संकेतस्थळी तर पूर्वी प्रेमिक भेटायचे. 'खुणांची भाषा' म्हटलं की लोकांना हातवारे वाटतात, भाषा वाटत नाही. माझं मत तरी 'खुणांची भाषा'लाच, कारण कोणालाही ती समजावून सांगावी लागत नाही.

पण महत्त्वाचं ते वेगळंच. तिथे दुभाषी अमेरिकन खुणांची भाषा वापरणार. भारतीय खुणांची भाषा निराळी आहे. इंग्रजी मुळाक्षरंसुद्धा अमेरिकन पद्धतीत एका हाताने करतात, आपल्याकडे दोन हातांनी. पुण्याहून आलेल्या कर्णबधिर आजोबांना तो दुभाषी तुम्हाआम्हाला कळेल तितपतच कळेल. त्यांच्यासाठी शब्दपट्टीचा खेळ बघा, अर्थात इंग्रजी वाचता येत असेल तर.

हडसनपार

हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. चौकटीत टाकते.

आत्ता असं जमलंय:

'कोणालाही बाहेर जायला सांगितलं जाणार नाही. लिंकन सेंटरमधले काही खेळ *ऐसपैस* असतात: दिवे मंद, आवाज बेताचा, मध्येच उठलं, बोललं तरी चालतं. काही खेळांना *दृश्यवर्णन* असतं, काहींना *शब्दपट्टी*. नाटक सगळ्यांना मिळावं म्हणून ही सोय आहे. तिकीट काढताना यातलं काय हवं ते विचारा.'

ॲक्सेसिबलला शब्दच ठेवला नाही. मोडीवाचक, तुमचा लभ् 'मिळावं'मध्ये घातलाय.

मोडीवाचक

पोचला.

पेठकर

'सुगम्य' कंसात तरी?

हडसनपार

नाही.

खडीसाखर

छान झालंय. आमच्याकडे कोणी ऐसपैस प्रयोग लावला तर इथे कळवा, पहिली दोन तिकिटं माझी. शक्यतो दाराजवळची, आणि मध्यंतरात बटाटेवडा मिळतो का तेही आधी सांगा. माझा मुलगा वडा खाल्ल्याशिवाय दुसऱ्या अंकाला आत येणार नाही.