दाल मिलच्या सॉर्टेक्सला ऑइल-फ्री कॉम्प्रेसर लागतोच का?

मिलवाला_लातूर
सॉर्टेक्स (हवेच्या झोतानं खराब दाणे उडवून वेगळे करणारं मशीन) घ्यायला निघालं की विक्रेते एकच पाढा वाचतात, त्याला हवा देणारा कॉम्प्रेसर ऑइल-फ्रीच घ्या. मला हे पटत नाही. तेलाच्या स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये (ज्यात दोन फिरते रोटर हवा दाबतात) तेलच हवा थंड ठेवतं आणि रोटरमधली फट बंद करतं, म्हणून ७ बारचं काम एका टप्प्यात होतं. कोरड्या स्क्रूला दोन टप्पे आणि मध्ये इंटरकूलर लागतो, किंमत चढणारच. हवेतून तेल वेगळं करणाऱ्या सेपरेटरनंतर हवेत २-३ पीपीएम (दहा लाखात २-३ भाग) तेल उरतं, कोअलेसिंग (तेलाचे बारीक थेंब एकत्र करून धरणारा) फिल्टर ते ०.०१ मिलिग्रॅम प्रति घनमीटरवर आणतो. तुरीच्या डाळीला एवढं पुरे. वाचलेला पैसा ड्रायरवर घाला, लाइनमधलं पाणी आधी थांबवा.

मेंटेनन्स_वाळूज
भाऊ, तो ०.०१ चा आकडा २०-२१ अंशांच्या हवेवर काढलेला असतो. मे महिन्यात बाहेरच ४२ अंश, त्यात कॉम्प्रेसर पत्र्याच्या शेडमध्ये. गरम हवेत तेलाची वाफ जास्त राहते. कोअलेसिंग फिल्टर थेंब धरतो, वाफ तशीच पुढं जाते. ती धरायला कार्बन फिल्टर लागतो, आणि तो संपला तरी गेजवर काही दिसत नाही. सेपरेटर फाटला तर तेल थेट लाइनमध्ये. सॉर्टेक्सची हवा डाळीलाच लागते आणि ती डाळ लोक खातात. आम्ही औषधाच्या लाइनवर हा धोका घेत नाही, तुम्ही का घ्यावा?

सर्व्हिसवाला_जालना
ऑइल-फ्री म्हणजे मशीन हवेत तेल घालत नाही, एवढंच. शेजारी डिझेलचा धूर असेल तर तो आत ओढला जाणारच. हवेच्या शुद्धतेच्या प्रतवारीतला ‘क्लास ०’ म्हणजेही शून्य तेल नव्हे; क्लास १ पेक्षा कडक मर्यादा, जी कंपनीकडून लेखी घ्यायची असते. शिवाय रोटरचं कोटिंग झिजलं की एअरएंडचा (हवा दाबणाऱ्या मुख्य भागाचा) खर्च मोठा. पण मिलवाले दादा, चोंदलेले फिल्टर मी रोज बघतो. त्यांच्यावर मात करायला दाब १ बारनं वाढवला की वीज ६-७ टक्के जास्त जाते. हा हिशेब तुम्ही धरलेलाच नाही.

मिलवाला_लातूर
विजेचं मान्य. वाफेवर उपाय आहे: फिल्टर रेफ्रिजरेशन ड्रायरनंतर (हवा थंड करून सुकवणाऱ्या यंत्रानंतर) बसवा, थंडाव्यानं बरीच वाफ थेंब होऊन सापडते. आणि तेल एच१ फूड-ग्रेड (चुकून अन्नाला लागलं तरी चालणारं) भरा. हंगामात तीन-चार महिने जोरात चालणाऱ्या मिलनं ऑइल-फ्रीचा हप्ता वर्षभर का भरायचा?

मेंटेनन्स_वाळूज
एच१ ला पण मर्यादा आहे, चुकून लागलं तर अन्नात १० पीपीएमपर्यंत. ते तेल डाळीवर मारायची परवानगी नाही. तुमची मांडणी मला तेव्हाच चालेल, जेव्हा कार्बन तासांवर बदलला जाईल आणि त्याची नोंद वहीत असेल. निम्म्या मिलमध्ये ऑपरेटर दर हंगामाला नवा असतो, तिथं ही वही कोण भरणार ते आधी सांगा.