बिबट्या भिंतीवर, पत्र कुणाला?

मुलुंडची_सेक्रेटरी:
आमची सोसायटी मुलुंड पश्चिमेला, मागची भिंत थेट नॅशनल पार्कच्या (संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या) उताराला लागून. मंगळवारी पहाटे सव्वातीनला भिंतीवरून बिबट्या चालत गेला. सीसीटीव्हीत आठ सेकंद दिसतो. त्या आठ सेकंदांवर शनिवारी दोन तास सभा! ठराव असा की 'बिबट्या पकडून लांब सोडा' असं पत्र सेक्रेटरीने, म्हणजे मी, द्यायचं. कुणाला द्यायचं? एक काका म्हणाले वॉर्ड ऑफिस, दुसरे म्हणाले आमदार. तिसरे म्हणाले, मुंबईत एवढी जागा जंगल म्हणून अडवून ठेवायचीच कशाला? (हेच काका रोज सकाळी गच्चीवर 'काय हवा आहे' म्हणत उभे असतात.) मला उत्तर सुचलं नाही. कुणी सांगेल का?

निवृत्त_पाणीवाला:
ताई, पालिकेच्या पाणी खात्यात नोकरी केली, म्हणून जरा लांबण लावतो.

पत्र वन खात्याला. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं उद्यान त्यांचं, बिबट्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण. वॉर्ड ऑफिसच्या हातात काही नाही. गंमत अशी की त्याच जंगलातले विहार आणि तुळशी हे तलाव मात्र पालिकेचे. पलीकडे आरे कॉलनी दुग्धविकास खात्याची, आणि तिच्यातली ८१२ एकर आता राखीव वन. उद्यानाभोवतीचा पट्टा डिसेंबर २०१६ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, तिथल्या बांधकामाला वेगळे नियम. एका डोंगराला एवढे धनी! कुणीही 'ते आमच्याकडे येत नाही' म्हणू शकतो.

आता तिसऱ्या काकांचं. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. आज दोन्ही मिळून शहराला लागतं त्याच्या तीनेक टक्केच पाणी देतात, तेव्हा 'तहान भागते' असं सांगू नका, काका हिशोब काढतील. पण पाणलोटात वस्ती नको, म्हणूनच तिथली बरीच झाडी टिकली. बिबट्याचा विचार फार नंतर आला. आणि विहार भरून वाहिला की ते पाणी मिठी नदीत जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. डोंगर उघडा असता तर पाणी किती वेगाने खाली आलं असतं, ते काकांनाच विचारा.

'लांब सोडा' हे मात्र लिहू नका. एक नेला की त्याच्या हद्दीत दुसरा येतो. २००४ च्या सुमारास इथे हल्ले वाढले होते, तेव्हा बाहेरून आणून सोडलेले बिबटे हे एक कारण असल्याचं अभ्यासकांनी मांडलं होतं. पुन्हा दिसला तर १९२६ वर फोन करा, वन खात्याची हेल्पलाइन आहे.

पाड्यावरची_पोर:
आजोबा, धनी मोजलेत, त्यात आम्ही कुठे? माझी आजी आरेतल्या पाड्यावर जन्मली. आमच्याकडे वाघोबाला पुजतात, त्याचं पत्र कुणी लिहीत नाही. उद्यानाच्या हद्दीतल्या आमच्या नातेवाइकांना मात्र घराचं छप्पर बदलायचं तरी परवानगीसाठी हेलपाटे. आणि त्याच डोंगराखालून ठाणे-बोरिवली बोगदा! बोगदा हवा की नको हे तुम्ही शिकलेले ठरवा, पण विचारायला कोण आलं होतं?

निवृत्त_पाणीवाला:
बरोबर आहे बाळा. मोजायचं राहिलं, म्हणजे आम्हाला मोजायची सवयच नव्हती.

ताई, एक विचारायचं राहिलं. भिंतीपाशी कचरा पडतो का? बिबट्या तिथे कुत्र्यांसाठी येतो, कुत्री कचऱ्यासाठी.

मुलुंडची_सेक्रेटरी:
आत्ता टॉर्च घेऊन बघून आले. भिंतीपलीकडे कोंबडीची पिसं, बिर्याणीचे डबे, आणि आमच्याच सोसायटीचं नाव लिहिलेल्या काळ्या पिशव्या. सात कुत्री. पत्र वन खात्याला लिहीन, पण आधी आमच्याच नोटीस बोर्डावर एक लावते. तिसऱ्या काकांच्या फ्लॅटची पिशवी सगळ्यात वर होती, आतलं वीजबिल वाचता येत होतं.